टर्मिनल डायरेक्टिव्ह : दोघांनी खेळायच्या कथामोहिमेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर कथेतील एकही रहस्य फोडलेले नाही. खोके उघडल्यावर, पण पहिले बंद पाकीट फोडण्यापूर्वी जे कोणालाही दिसते, तेवढ्याच मर्यादेत सर्व उत्तरे दिली आहेत. ज्यांनी मोहीम अद्याप सुरू केलेली नाही, त्यांनीही हे पान निर्धास्तपणे वाचावे.

टर्मिनल डायरेक्टिव्ह म्हणजे नेमके काय?

'अँड्रॉइड : नेटरनर' हा दोन खेळाडूंचा सायबरपंक पत्त्यांचा खेळ फँटसी फ्लाइट गेम्स या संस्थेने २०१२ मध्ये प्रकाशित केला. त्याचे मूळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या संस्थेने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या 'नेटरनर' या खेळात आहे. टर्मिनल डायरेक्टिव्ह हा २०१२ च्या खेळासाठी २०१७ मध्ये आलेला विस्तारसंच आहे. एरवी या खेळातला प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. पत्ते गोळा करून पुन्हा पिसले की मागच्या डावाचा काही मागमूस राहत नाही. या संचात मात्र डाव एकमेकांना जोडलेले आहेत. एका डावात जे घडते त्याचे परिणाम पुढच्या डावात उरतात, ठरावीक टप्प्यावर नवी पाकिटे उघडतात, स्टिकर चिकटवले जातात आणि एका खुनाच्या तपासाची कथा दोन्ही खेळाडूंच्या हातून पुढे सरकते.

पटावरच्या खेळांमध्ये कायमस्वरूपी बदल घडवणारा हा प्रकार २०११ मधील 'रिस्क लेगसी'मुळे रूढ झाला आणि २०१५ मधील 'पँडेमिक लेगसी'मुळे घराघरांत पोहोचला. टर्मिनल डायरेक्टिव्हने हीच कल्पना समोरासमोर लढणाऱ्या दोन खेळाडूंच्या पत्त्यांच्या खेळात आणली. ज्या खेळात आधीच बरेच काही झाकलेले असते, त्यात आणखी एक झाकलेली गोष्ट मिसळण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

हा संच एकटाच खेळता येतो का?

नाही. त्यासोबत मूळ खेळाचा, म्हणजे २०१२ च्या 'अँड्रॉइड : नेटरनर'चा, एक कोअर सेट (पायाभूत संच) लागतो. एक कोअर सेट आणि हा विस्तारसंच एवढे दोघांना पुरते.

मूळ खेळ येत नसेल, तर थेट मोहिमेपासून सुरुवात करावी का?

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोहिमेचे नियम अवघड आहेत हे त्याचे कारण नव्हे. मूळ खेळ दोन्ही बाजूंना वेगवेगळा आहे आणि ते वेगळेपण अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो, हे खरे कारण आहे. एक खेळाडू कॉर्प असतो, म्हणजे महाकाय कंपनी, आणि दुसरा रनर असतो, म्हणजे त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसणारा हॅकर. कॉर्पला एका पाळीत सक्तीने एक पत्ता उचलून तीन क्लिक (एक क्लिक म्हणजे एका कृतीइतका वेळ) खर्च करता येतात, तर रनरला सक्तीचा पत्ता मिळत नाही पण चार क्लिक मिळतात. दोघांचीही सुरुवात पाच क्रेडिट (खेळातला पैसा) आणि पाच पत्त्यांनी होते, आणि पहिली पाळी नेहमी कॉर्पची असते. कॉर्पने अजेंडा, म्हणजे गुण देणारे आपले प्रकल्प, पूर्ण करून सात गुण मिळवले तर ती जिंकते; रनरने तेच अजेंडे चोरून सात गुण गाठले तर तो जिंकतो. याखेरीज, हातात असलेल्या पत्त्यांपेक्षा जास्त इजा झाली तर रनर तिथेच मरतो, आणि कॉर्पला सक्तीचा पत्ता उचलायच्या वेळी तिची गड्डी संपलेली असेल तर ती हरते.

हे चारही शेवट प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय मोहिमेत उतरलेला खेळाडू पहिल्या एक-दोन डावांत नियमांशीच झगडत राहतो, आणि या मोहिमेत पहिले एक-दोन डाव परत मिळत नाहीत. कोअर सेटमधल्या साध्या डेकने (जुळवलेल्या पत्त्यांच्या गड्डीने) दोघांनी बाजू बदलून किमान पाच-सहा डाव खेळावेत. रनरने न उलगडलेल्या आइसवर (सर्व्हर राखणाऱ्या पत्त्यावर) आदळून आपटी खाल्ली, कॉर्पने राखलेला अजेंडा एकदा तरी चोरीला गेला, आणि खेळताना नियमपुस्तिका दर पाळीला उघडावी लागेनाशी झाली, की तयारी झाली असे समजावे.

कथा कशाविषयी आहे?

कथा न्यू एंजेलिस या काल्पनिक महानगरात घडते. हे शहर इक्वेडोरमध्ये वसलेले आहे आणि त्याच्या मधोमध 'बीनस्टॉक' नावाचा अवकाशात जाणारा उद्वाहक उभा आहे. तो विषुववृत्तालगत असणे ही केवळ कल्पनेची भरारी नाही; अवकाश-उद्वाहकाची जी कल्पना अभियंते मांडतात, तिच्यात त्याचे मूळ विषुववृत्ताजवळ असणेच सोयीचे ठरते, कारण त्याचा वरचा भाग पृथ्वीच्या फिरण्याशी जुळणाऱ्या भूस्थिर कक्षेशी बांधलेला असतो आणि ती कक्षा विषुववृत्ताच्याच प्रतलात असते.

या जगात हास-बायोरॉइड ही कंपनी माणसासारखी दिसणारी यंत्रे बनवते. माणसाला इजा करू नये, हा निर्देश त्या यंत्रांच्या मुळातच रुजवलेला असतो. अशा जगात खून पडतो आणि संशयाची सुई तिकडे वळते. याहून अधिक इथे सांगणार नाही, आणि ज्यांनी मोहीम पूर्ण केली आहे त्यांनीही इतरांना सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोणकोणत्या बाजू निवडता येतात?

कॉर्पसाठी हास-बायोरॉइड आणि वेलंड कन्सॉर्शियम हे दोन पक्ष आहेत, तर रनरसाठी क्रिमिनल आणि शेपर हे दोन. जिंतेकी, एनबीएन आणि अनार्क हे मूळ खेळातले उरलेले पक्ष या मोहिमेत नायकपदी नाहीत. संचातील नव्या आयडेंटिटी, म्हणजे खेळाडूची ओळख आणि खास क्षमता ठरवणारे पत्ते, चार आहेत : हास-बायोरॉइडची साइडर लॅबोरेटरीज, वेलंडची स्कॉर्पिओस डिफेन्स सिस्टिम्स, क्रिमिनलचा स्टीव्ह केंब्रिज आणि शेपरची आयला 'बायोस' रहीम.

मग कोणती जोडी निवडावी?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण एकदा निवडलेली बाजू मोहीम संपेपर्यंत आपल्या सोबत राहते.

वेलंड आणि क्रिमिनल ही जोडी सर्वांत तापट आहे. मूळ कोअर सेटमधला 'अकाउंट सायफन' हा क्रिमिनलचा पत्ता घ्या. रनरने कॉर्पच्या हातावर, म्हणजे एचक्यूवर, यशस्वी रन (चढाई) केली की पत्ते पाहण्याऐवजी तो कॉर्पचे पाच क्रेडिटपर्यंत पैसे उडवू शकतो आणि उडालेल्या प्रत्येक क्रेडिटमागे स्वतः दोन मिळवतो. मात्र त्याबदल्यात त्याला दोन टॅग लागतात, म्हणजे त्याचा माग लागतो. एक टॅग काढायला एक क्लिक आणि दोन क्रेडिट लागतात. म्हणजे दोन्ही टॅग काढायचे तर दोन क्लिक आणि चार क्रेडिट. पहिल्या क्लिकला सायफन खेळणाऱ्या रनरला हे त्याच पाळीत जमते आणि एक क्लिक उरतोही. पण लोभाने त्याने ते क्लिक दुसरीकडे वापरले, तर समोर वेलंड बसलेले आहे, आणि वेलंडकडे त्याच कोअर सेटमधला 'स्कॉर्च्ड अर्थ' आहे, जो टॅग लागलेल्या रनरला चार शारीरिक इजा करतो. हातात तीन किंवा त्याहून कमी पत्ते असलेला रनर त्यात संपतो. पैसा आणि जीव यांची ही ओढाताण मोहिमेच्या गुन्हेकथेला शोभून दिसते.

हास-बायोरॉइड आणि शेपर ही जोडी संथ, पण विचाराला जास्त वाव देणारी आहे. बायोरॉइड जातीच्या आइसमधील उपक्रिया (रनरला अडवणारे त्याचे एकेक परिणाम) रनरला आपले क्लिक खर्च करून मोडता येतात, त्यामुळे योग्य आइसब्रेकर (आइस मोडणारा पत्ता) हाताशी नसतानाही दार किलकिले राहते. फक्त त्याची किंमत पैशाऐवजी वेळात मोजावी लागते. शेपर आपली साधने जुळवत बसतो आणि मग 'द मेकर्स आय'सारख्या पत्त्याने कॉर्पच्या गड्डीतले नेहमीपेक्षा दोन जास्त पत्ते एका दमात पाहतो. आयला रहीमची सुरुवातच मुळी वेगळी होते : डावाच्या प्रारंभी ती गड्डीतले चार पत्ते उपडे बाजूला ठेवते आणि पुढे एकेक क्लिक देऊन हवा तो हातात घेते. ज्याला आधीपासून आखणी करायला आवडते, त्याने तिला घ्यावे.

स्टीव्ह केंब्रिज आणि स्कॉर्पिओस यांची जोडी लावण्यापूर्वी मात्र दोघांनी थोडे बोलून घ्यावे. स्टीव्हचे सारे कसब टाकून दिलेले पत्ते परत मिळवण्यात आहे : पाळीत पहिल्यांदा एचक्यूवर यशस्वी रन झाली की तो आपल्या टाकलेल्या पत्त्यांतले दोन दाखवतो, कॉर्प त्यातला एक खेळातून कायमचा काढते आणि दुसरा त्याच्या हातात येतो. स्कॉर्पिओसचे कसब नेमके याच्या उलट आहे. रनरचा पत्ता टाकला गेला की पाळीत एकदा तो खेळातूनच बाद करता येतो. दोन्ही खेळाडू अनुभवी असतील तर या जोडीतून उत्तम चुरस निर्माण होते. रनर नवखा असेल तर एकदाच मिळणारा आइसब्रेकर डोळ्यांदेखत कायमचा जाणे त्याला जड जाते, आणि मोहिमेत ते जास्तच जाचते.

प्रत्येक डावानंतर बाजू बदलायची का?

नाही. स्पर्धांमध्ये प्रत्येक खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळतो, कारण त्याखेरीज तुलना न्याय्य होत नाही. मोहिमेत मात्र जो कॉर्प तो शेवटपर्यंत कॉर्प आणि जो रनर तो शेवटपर्यंत रनर. आपल्या बाजूवर उमटलेल्या खुणा आपल्याच असतात, त्या दुसऱ्याच्या हातात दिल्या तर कथेचा धागाच तुटतो. म्हणूनच बाजू निवडताना 'मला जिंकायला कोणती सोपी' यापेक्षा 'मला अनेक डाव कोणत्या खुर्चीत बसायला आवडेल' हा विचार करावा.

पॅड म्हणजे काय आणि स्टिकर कशासाठी आहेत?

पॅड हा आपल्या पात्राच्या प्रवासाची नोंदवही आहे. त्यावर मोहिमेतली कामे आणि त्यांची प्रगती दिसते, आणि नव्याने मिळालेल्या क्षमता किंवा बंधने स्टिकरच्या रूपाने त्यावर चिकटवली जातात. पुढच्या डावात पॅडवरचा मजकूर आयडेंटिटी पत्त्याइतकाच बंधनकारक असतो. डाव सुरू करताना आपला पॅड समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय लावावी. दोन-तीन स्टिकर साचले की त्यातला एखादा विसरला जातोच, आणि तो विसरल्याचे अर्ध्या डावानंतर लक्षात आले तर मागे जाणे अशक्य होते.

बंद पाकीट केव्हा उघडायचे?

सूचना मिळेल तेव्हाच, आणि जे सांगितले असेल तेच. उत्सुकतेपोटी पुढचे पाकीट उजेडात धरून पाहणे किंवा आतले पत्ते बोटांनी चाचपणे हेही टाळावे. पाकीट उघडल्यावर आतला मजकूर घाईने नजरेखालून न घालता, दोघांनीही त्या क्षणी हातातले काम थांबवून नीट वाचावा. कित्येक जोड्या नवा पत्ता दिसताच थेट त्याच्या नियमांवर उडी घेतात आणि कथेचा परिच्छेद वाचायचा राहून जातो. ज्या गोष्टीसाठी हा संच निराळा ठरतो, तीच अशा वेळी हातची जाते.

या पाकिटांमध्ये नशिबाने मिळणारे पत्ते असतात का?

नाही. मूळ खेळ ठरावीक पत्त्यांच्या संचांनी विकला जात असे. कोणत्या खोक्यात काय आहे हे आधीच ठरलेले असे. या संचातील पाकिटेही तशीच आहेत. ती बंद आहेत ती केवळ कथेसाठी.

सलग हरत गेल्यास मोहीमच एकतर्फी होत नाही का?

होऊ शकते, आणि ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जिंकणाऱ्याला नवी ताकद मिळाली, त्या ताकदीने तो पुन्हा जिंकला, असे चक्र सुरू होण्याचा धोका अशा प्रत्येक मोहिमेत असतो. पण इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की डावाचा निकाल हे या मोहिमेतले एकमेव माप नाही. डाव चालू असताना काय साधले, कोणते काम पुरे केले, यालाही महत्त्व आहे. त्यामुळे सहा गुणांवर अडकलेल्या, हार समोर दिसत असलेल्या रनरसमोरही कधी कधी एक खरा प्रश्न उभा राहतो : उरलेल्या दोन क्लिकमध्ये विजयाची धूसर आशा धरायची, की पॅडवरचे एखादे काम पुरे करून घ्यायचे? एरवीच्या डावात असा प्रश्न कधीच पडत नाही. मला स्वतःला या संचातले हे क्षण सर्वांत प्रिय आहेत, कारण तिथे हरणारा खेळाडू शेवटच्या क्लिकपर्यंत जागा असतो.

दुसरी गोष्ट अशी की हरलेल्या खेळाडूकडे डेक बदलण्याचे हत्यार आहे आणि बहुतेक लोक ते पुरेसे वापरत नाहीत. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

दोन डावांच्या मध्ये डेक बदलता येतो का?

येतो, आणि बदलावाच. मोहिमेत प्रतिस्पर्धी एकच असतो, त्यामुळे सर्वांना पुरून उरेल असा सरसकट डेक बांधण्याची गरज नसते. या एका माणसाला उत्तर देणारा डेक बांधायचा असतो. समोरचा रनर दर पाळीला एचक्यूवरच येत असेल तर कॉर्पने सर्वांत महागडे आइस तिथे उभे करावे. कॉर्प सारा भार एका दूरस्थ सर्व्हरवर टाकत असेल तर रनरने आर अँड डीवर, म्हणजे कॉर्पच्या गड्डीवर, लक्ष वळवावे.

बदल करताना नेहमीचे बंधन विसरू नये. डेकमधील पत्त्यांची किमान संख्या आणि इन्फ्लुएन्स (इतर पक्षांचे पत्ते घेण्याची मर्यादा) आयडेंटिटीवर छापलेले असतात, आणि एकाच नावाचे तीनपेक्षा जास्त पत्ते घेता येत नाहीत. कॉर्पच्या बाबतीत अजेंडाच्या गुणांचे गणितही पाळावे लागते : ४५ ते ४९ पत्त्यांच्या डेकमध्ये अजेंडाचे एकूण गुण २० किंवा २१ असलेच पाहिजेत. समजा, ४५ पत्त्यांच्या डेकमध्ये नेमके २० गुण आहेत आणि आपण दोन गुणांचा जुना अजेंडा काढून तीन गुणांचा नवा घातला, तर बेरीज २१ होते आणि डेक वैध राहतो. असा दुसरा बदल करताच बेरीज २२ होते आणि डेक बाद ठरतो. तेव्हा कुठेतरी एक गुण कमी करावा लागतो. नवा अजेंडा हाती आल्याच्या आनंदात ही बेरीज करायची राहून जाते, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

एका बैठकीत एकाहून अधिक डाव खेळायचे असतील तरीही प्रत्येक डावानंतर दहा मिनिटे डेकसाठी राखून ठेवावीत. दोघांनी वेगळ्या कोपऱ्यात बसून ते करावे हे उत्तम.

माझ्याकडे इतर विस्तारसंचही आहेत. ते मोहिमेत मिसळावेत का?

पहिल्यांदा खेळताना मिसळू नयेत. मोहिमेचा तोल एक कोअर सेट आणि हा संच एवढ्या पत्त्यांवर बसवलेला आहे. एका बाजूकडे प्रगल्भ, वर्षानुवर्षे साठवलेला पत्त्यांचा ढीग असेल आणि दुसरीकडे नसेल, तर पाकिटातून मिळणारे बक्षीस एकाला क्षुल्लक वाटते आणि दुसऱ्याला तेच डोंगराएवढे. दोन्ही वाटणे कथेला मारक आहेत.

कोअर सेट जुना चालेल की सुधारित?

टर्मिनल डायरेक्टिव्ह प्रकाशित झाला तेव्हा २०१२ चा कोअर सेट हाच एकमेव होता. सुधारित कोअर सेट त्याच वर्षाच्या अखेरीस आला. दोन्हींमध्ये लागणारे चारही पक्ष आहेत आणि नियमांत अडचण येत नाही. मात्र दोन्हींतले पत्ते सारखे नाहीत. वर उल्लेखलेला अकाउंट सायफन सुधारित सेटमध्ये नाही, त्यामुळे वेलंड-क्रिमिनल झुंजीचा रंग बदलतो. निवड असेल तर मी जुना कोअर सेट घेईन.

एका डावाला किती वेळ लागतो?

सरावलेल्या दोघांना साधारण पाऊण तास. मोहिमेत वाचन, स्टिकर आणि डेकबदल धरून दीड तास हाताशी ठेवावा. एका बैठकीत दोन डाव ही मला योग्य गती वाटते. तिसऱ्या डावाला थकवा येतो आणि कथा नीट ऐकली जात नाही.

खेळताना नियमांची चूक झाल्याचे नंतर लक्षात आले तर?

चूक त्याच पाळीत कळली तर ती मागे घ्यावी. डाव संपल्यावर कळली तर निकाल तसाच राहू द्यावा, पॅडवर झालेली नोंदही तशीच ठेवावी, आणि पुढच्या डावापासून बरोबर नियमाने खेळावे. मागचे सारे उसकटून काढण्याच्या प्रयत्नात दोघांच्या आठवणी जुळत नाहीत आणि विनाकारण कटुता येते. याला अपवाद एकच : चुकून पुढचे पाकीट उघडले गेले असेल, तर ते ज्याने वाचले त्याने आतले काहीही न सांगता ते परत मिटवून ठेवावे.

पत्त्यांना कव्हर घालावे का?

अवश्य घालावे. कॉर्प आणि रनर यांच्या पत्त्यांच्या पाठी वेगळ्या असल्याने दोन रंगांची कव्हरे घेतली तर आवराआवर सोपी होते. मोहीम सुरू करण्यापूर्वीच थोडी जास्तीची कव्हरे बाजूला काढून ठेवावीत. नव्याने मिळालेला पत्ता कोऱ्या कव्हरात आणि बाकीचे मळलेल्या कव्हरांत असे झाले, तर गड्डीतला तो पत्ता पाठीवरून ओळखता येतो आणि खेळ नकळत अप्रामाणिक होतो.

जोडीदाराने मोहीम मध्येच सोडली तर तिसऱ्याला बसवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल. पॅड त्याच्या हाती द्यावा, आतापर्यंतची कथा उघडलेल्या पत्त्यांवरून वाचून दाखवावी आणि पुढे चालावे. पण मागच्या डावांतली फसवाफसवी ज्याने भोगलेली नाही, त्याला पुढच्या डावातला संशय पोहोचत नाही. म्हणून सुरुवातीलाच अशी व्यक्ती निवडावी जिच्याबरोबर पुढचे काही आठवडे नियमाने बसणे खरोखर शक्य आहे. सर्वांत हुशार प्रतिस्पर्ध्यापेक्षा सर्वांत नेमाने येणारा प्रतिस्पर्धी इथे जास्त उपयोगाचा आहे. खंड पडणारच असेल तर प्रत्येक डावानंतर दोन ओळींची टिपणे लिहून ठेवावीत. महिन्याभराने पुन्हा बसताना ती फार उपयोगी पडतात.

मोहीम दुसऱ्यांदा खेळता येते का?

जसा संच मिळतो त्याच स्वरूपात नाही. फोडलेली पाकिटे आणि चिकटवलेले स्टिकर मागे घेता येत नाहीत. पुढे कोणाला तरी देण्याची इच्छा असेल तर काही उपाय करता येतात. पॅड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून स्टिकर त्या पिशवीवर चिकटवावेत, खुणा पुसता येणाऱ्या पेनाने कराव्यात, पाकीट वरच्या कडेने अलगद कापून आतले पत्ते त्याच पाकिटात क्रमाने परत ठेवता येतील अशी व्यवस्था करावी. नष्ट करायला सांगितलेला पत्ता फाडण्याऐवजी वेगळ्या लिफाफ्यात बंद केला तरी खेळाच्या दृष्टीने परिणाम तोच होतो.

असे असले तरी माझा कल स्टिकर थेट चिकटवण्याकडेच आहे. परत फिरता येणार नाही हे माहीत असताना घेतलेला निर्णय हाताला वेगळा जाणवतो.

मोहीम संपल्यावर या पत्त्यांचे काय करायचे?

केवळ मोहिमेसाठी असलेले पत्ते तिथेच संपतात. उरलेले, म्हणजे चार नव्या आयडेंटिटी आणि डेकमध्ये घालता येणारे पत्ते, हे नेहमीच्या खेळाचे पूर्ण हक्काचे पत्ते आहेत आणि आपल्या संग्रहात मिसळता येतात.

हा खेळ बंद झाला आहे ना? मग आज याचा उपयोग काय?

फँटसी फ्लाइट गेम्सने विझार्ड्स ऑफ द कोस्टशी असलेला परवाना संपत असल्याचे २०१८ च्या जूनमध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरपासून विक्री थांबली. त्यामुळे टर्मिनल डायरेक्टिव्हची नवी छपाई होत नाही. खेळ मात्र थांबला नाही. खेळाडूंनीच उभारलेल्या 'निसेई' या ना-नफा संघटनेने नवे पत्ते रचणे आणि स्पर्धा घेणे सुरू ठेवले. हीच संघटना २०२२ पासून 'नल सिग्नल गेम्स' या नावाने ओळखली जाते. नवख्यांसाठी तिने २०२१ मध्ये 'सिस्टिम गेटवे' हा संच काढला, आणि नियम शिकण्यासाठी आज तोच सर्वांत सोयीचा मार्ग आहे. तिथे शिकलेले मूळ नियम या मोहिमेतही उपयोगी पडतात. मोहिमेचा डेक मात्र जुन्या कोअर सेटवरच बांधावा.

जुना संच दुसऱ्याकडून घेताना काय तपासावे?

सर्वांत आधी बंद पाकिटांची संख्या आणि त्यांच्या कडा. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेले असेल तर कडेला डिंकाचा थर किंवा सुरकुती दिसते. त्यानंतर स्टिकरचे पान पूर्ण आहे का, आणि दोन्ही बाजूंचे पॅड कोरे आहेत का, हे पाहावे. विकणाऱ्याने 'फक्त एकदाच खेळलेला' असे म्हटले तर त्याचा अर्थ या संचाच्या बाबतीत 'वापरून संपलेला' असाच होतो. असा संच केवळ संग्रहात पत्ते वाढवण्यासाठी घ्यावा, मोहिमेसाठी नव्हे. आतल्या मजकुराची छायाचित्रे मात्र मागू नयेत. पाकिटांच्या बाहेरच्या बाजूची आणि स्टिकरचे पान उपडे ठेवून काढलेली छायाचित्रे पुरतात, आणि कथा तुमच्यासाठी शाबूत राहते.